अर्धा मिटलेला डावा डोळा

“आ करा,” तो म्हणाला, आणि मी केला.

वास्तविक काटा माझ्या बोटात रुतला होता. तोंडाचा काही संबंध नव्हता. पण समोरच्याच्या कपाळावर दिवा, हातात बारीक टोकाचा चिमटा, आणि आवाजात अशी काही सवयीची जरब की माझं तोंड आपोआप उघडलं. परसातल्या भिंतीच्या अलीकडे स्टुलावर मी, पलीकडे तो, मध्ये भिंतीवर ठेवलेला माझा हात... आणि मी आ वासून त्याच्याकडे बघतेय. आधी त्याच्याच लक्षात आलं.

“सॉरी... सवय आहे. तोंड मिटलंत तरी चालेल.”

मी मिटलं. ते परत उघडून काही बोलायचं धाडस व्हायला बराच वेळ गेला.

खरं तर मला लिंबं चोरताना पकडलं होतं. शेजारचं घर कित्येक महिने रिकामं पडलेलं, आणि त्याच्या परसातलं लिंबाचं झाड आमच्या भिंतीवर ओणवलेलं. त्यामुळे लागेल त्या लिंबाला आम्ही आपलंच मानत आलो होतो. घर भाड्याने गेलंय, पुढच्या खोल्यांत दातांचा दवाखाना निघालाय, हे मला माहीत होतं. पण डॉक्टर दोन पेशंटांच्या मधल्या वेळात मागे येऊन झाडाखाली उभा राहत असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? मी खांद्यापर्यंत हात फांद्यांत घातलेला असताना पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, “जपून, तिथे काटे आहेत,” आणि मी दचकून हात ओढल्यामुळेच तो काटा लागला. म्हणजे चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

काटा त्याने इतका अलगद काढला की मला कळलंही नाही. नंतर बोट त्याच्या हातात जरा जास्तच वेळ राहिलं. त्याने धरून ठेवलं होतं की मीच काढून घेतलं नव्हतं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. चिमट्यातला काटा माझ्यापुढे धरून त्याने गंभीरपणे विचारलं, “घरी नेणार का? दात काढला की आम्ही विचारतो.”

मग माझ्या स्टुलाखाली पडलेल्या लिंबांकडे वाकून बघितलं.

“लिंबं तुमची आहेत,” मी पुटपुटले. “परत देते.”

“तुमच्याकडे वाकलीत ती,” तो म्हणाला. “त्यात मी काय बोलणार.”

*

तेव्हा मी घरच्या घरी केक, बिस्किटं, टार्ट असं काय काय भाजून विकत होते. त्याआधी एका कचेरीत हिशेब तपासायचं काम करत होते आणि कंटाळून अर्धी झाले होते. बाबांनी फारसा वाद न घालता एक वर्ष दिलं होतं. वर्षात रोजचं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या शहरात आत्याकडे जायचं आणि तिच्या ऑफिसात पुन्हा हिशेब तपासायचे. ठरलं तेव्हा वर्ष मला खूप मोठं वाटलं होतं.

माझा हात बसला होता तो लिंबावर. किसणीवर फक्त पिवळी साल उतरवायची, खालचं पांढरं आलं की कडू होतं. ती साल साखरेत बोटांनी चोळायची, साखर ओलसर होऊन वास सोडते. मग अंडी, रस, मंद आच, आणि हात न थांबवता ढवळणं. शेवटी लोणी. जे दाटसर, चमकदार पिवळं तयार होतं त्याला कर्ड म्हणतात. ते पिठाच्या भाजलेल्या खुसखुशीत वाटीत भरलं की झालं लिंबाचं टार्ट. गल्लीत सगळे मला लिंबूताई म्हणायचे. दूधवाला, समोरचे आजोबा, दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मावशी, सगळे. हा डॉक्टर एकटाच होता जो ‘अहो’वर भागवायचा. ताई कधी म्हणाला नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण लक्षात आलीय हे मी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

काट्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर दवाखान्यात असतो तसला वाकडा स्टीलचा ट्रे दिसला. त्यात लिंबं. रिकामा ट्रे परत द्यायचा कसा, म्हणून मी त्यात टार्ट ठेवलं. तो पलीकडे उभाच होता.

“दातांच्या डॉक्टरला गोड देताय,” तो म्हणाला. “माझा धंदा वाढवायचाय का?”

“चोरीचा माल परत करतेय.”

त्याने पहिला घास घेतला. माझ्याकडे बघितलं. आणि... त्याचा डावा डोळा मिटला.

मी कानापर्यंत लाल झाले. भर दुपारी, भिंतीवरून, दुसऱ्याच भेटीत! “छान,” तो म्हणाला, आणि मी स्टुलावरून उतरून आत पळाले. आईला सांगणारच होते. का कोण जाणे, नाही सांगितलं. माणूस आगाऊ आहे, एवढं मात्र मनाशी पक्कं केलं.

तो खरंच आगाऊ आहे का, याची खात्री करायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा टार्ट नेलं. होता. तिसऱ्या दिवशी केस विंचरून नेलं. तरीही होता. पहिला घास, माझ्याकडे एक नजर, डावा डोळा बंद, मग “छान”. तेवढंच. बाकी वागणं इतकं सभ्य की विचारू नका. हवापाण्याच्या गप्पा, झाडाला पाणी किती घालावं, कुठल्या पेशंटने त्याचं बोट चावलं... आणि मध्येच तो डोळा. मला या माणसाचा अंदाज लागेना. रात्री अंथरुणावर पडलं की मात्र डोळ्यासमोर तोच डोळा यायचा.

एकदा लिंबं संपली होती म्हणून नुसता लोण्याचा केक नेला. त्याने चवीने खाल्ला, आणखी मागितला. डोळा मिटला नाही. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. स्वारी नाराज दिसतेय, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी टार्टमध्ये मी मुद्दाम जास्त लिंबू पिळलं, आणि डोळा असा काही गच्च मिटला की माझा जीव सुखावला.

तिथून माझं बिनसलं. हात आपोआप आणखी एका लिंबाकडे जायला लागला. बाबा म्हणाले, “अगं, दात आंबले माझे.” एक गिऱ्हाईक म्हणालं, थोडं आंबट नाही का झालं? लिंबाचं आहे, आंबटच असणार, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. फक्त एकदा, दुसऱ्या कामाच्या गडबडीत हात आवरला गेला होता, तेव्हा त्याचा डोळा अर्धाच मिटला. मी खट्टू झाले. त्या दिवशी शेवटचं टार्ट आईने बाबांपासून लपवून डब्यामागे ठेवलं होतं, याकडे मी लक्षच दिलं नाही.

*

वर्ष संपत आलं तेव्हा एका कॅफेच्या मालकीणबाईंचा निरोप आला. त्यांनी कुणाकडे तरी माझं टार्ट खाल्लं होतं. स्वयंपाकघर बघायला आणि ताजं टार्ट चाखायला त्या दुपारी चहाच्या वेळेला येणार होत्या. आवडलं तर रोजची ऑर्डर. नाही आवडलं तर त्याच रविवारी मी आत्याकडे निघणार होते. आत्याने खोलीसुद्धा झाडून ठेवली होती.

यातलं काहीच मी डॉक्टरला सांगितलं नव्हतं. रोज भिंतीशी जायचं ठरवायचे, आणि परत यायचे. मी म्हणणार, मी जातेय. आणि तो जर त्यावरही ‘छान’ म्हणाला, तर?

ज्या दिवशी बाई येणार, नेमकी त्याच सकाळी माझी दाढ ठणकायला लागली. साधीसुधी नाही, कानशिलापर्यंत. गालावर हात दाबून मी वाट्यांचं पीठ मळलं, लाटलं, साच्यांत बसवलं, भाजलं. नेहमीप्रमाणे जास्तीच्या वाट्या केल्या, कारण थोड्या फुटतातच. मग मात्र डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईला जबरदस्त सर्दी झाली होती. तरी नाकाला रुमाल लावून तिने मला धरून शेजारी नेलं. रिसेप्शनवरच्या मावशींनी चष्म्यावरून बघितलं. “लिंबूताई, आज पुढच्या दाराने?”

त्या खुर्चीत मी ओठ घट्ट मिटून बसले. पहिल्या दिवशी न सांगता... म्हणजे सांगितल्यावर लगेच आ केला होता. आता ज्या माणसासाठी रोज केस विंचरायचे, त्याला किडलेली दाढ कशी दाखवणार? त्याने मास्क खाली ओढला. “मी डोळे मिटून तर काम करू शकत नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. मला हसू आलं, आणि हसताना तोंड उघडलं.

इंजेक्शननंतर गाल, ओठ आणि अर्धी जीभ माझी राहिली नाही. त्याने कीड कोरून दाढ भरली. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, असं बजावलं. जीभ चावली गेली तरी कळणार नाही म्हणे. मी ‘हो’ म्हणाले. ते ‘ओ’ असं ऐकू आलं. आता कॅफेच्या बाईंचं सांगावं असं एकदा मनात आलं, पण त्या तोंडाने काय काय सांगणार होते?

घरी येऊन मी थेट गॅसपाशी गेले. चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे, अशी स्वतःची समजूत घातली आणि कर्ड करायला घेतलं. चमचा जिभेला लावला. काहीच नाही. अर्ध्या जिभेला पत्ता नव्हता, आणि उरलेल्या अर्धीवर दवाखान्यातल्या औषधाची कडू चव बसली होती. आईला चाख म्हटलं, तर ती नाक शिंकरून म्हणाली, “मला आज फिनाईल दिलंस तरी कळायचं नाही.”

मग मी आणखी लिंबू पिळलं. किंचित लागलं असं वाटलं. आणखी पिळलं. हां, आता जरा जाणवतंय... अजून थोडं. रंग सुरेख आला होता. वाट्या भरल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या आणि ओटा पुसायला घेतला.

तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली. डॉक्टर. हातात तो वाकडा ट्रे, त्यात लिंबं. तो पहिल्यांदाच आमच्या दाराने येत होता. मध्ये भिंत नव्हती, पायाखाली स्टूल नव्हतं, तो माझ्यापेक्षा बराच उंच निघाला.

“म्हटलं बघावं... जीभ जागी झाली का.”

मी मान हलवली आणि त्याला आत बसवलं. बोलता येत नव्हतं नीट, म्हणून टार्ट पुढे केलं. त्याने घास घेतला. माझ्याकडे बघितलं. आणि या वेळी दोन्ही डोळे मिटले. गच्च.

मला वाटलं, या माणसाला आईसमोर तरी लाज वाटावी.

पण मग त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. हात गालावर गेला. बऱ्याच वेळाने, कुठून तरी खोलवरून, तो म्हणाला, “छान.”

“छान असेल तर बरं हो, डॉक्टर,” आई म्हणाली. “आज कॅफेच्या बाई येतायत चाखायला. त्यांनी नाही म्हटलं तर ही रविवारी चालली आत्याकडे. नोकरी, खोली, सगळं ठरलंय तिकडे.”

त्याने डोळे उघडले. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कायमची?”

मी मान खाली घातली. त्याने उरलेलं टार्ट बशीत ठेवलं, बशी लांब सरकवली.

“छान नाहीये,” तो म्हणाला. “तोंडात धरवत नाही इतकं आंबट आहे. हे त्यांना देऊ नका.”

इतक्या दिवसांत टार्टबद्दल त्याच्या तोंडून दुसरा शब्द ऐकला नव्हता, आणि तो ऐकायला मिळाला तो आज. मी अडखळत विचारलं, जमेल तेवढं स्पष्ट, की मग रोज छान का म्हणायचात? तो ट्रेमधलं एक लिंबू फिरवत राहिला. मग त्याने एकदम सगळं सांगून टाकलं. झोपेत तो दात खातो, त्यामुळे डावीकडचे दात झिजलेत. जरा आंबट लागलं की अशी कळ जाते, थेट डोळ्यापर्यंत. डोळा मिटतोच, थांबवता येत नाही.

“तुम्ही दातांचेच डॉक्टर ना?” आईने विचारलं.

“हो. पण स्वतःच्या तोंडात स्वतःला हात घालता येत नाही.”

मला अजून उलगडा होत नव्हता. मग झाला. भर दुपारी भिंतीवरून मिटणारा तो डोळा, ज्याच्यासाठी मी केस विंचरले, लिंबं वाढवली, बाबांचे दात आंबवले... ती कळ होती. दाताची. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तोंड अर्धं बधिर होतं, पण लाज पुरेपूर लागत होती.

“म्हणजे तो डोळा...” मी बोलून गेले.

“कुठला डोळा?” त्याने विचारलं. मग त्याला कळलं. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

आईला त्याच वेळी आतल्या खोलीत जाऊन नाक शिंकरायची गरज वाटली. ती बराच वेळ शिंकरत राहिली.

“इतकं दुखत होतं तर खायचात कशाला?” मी विचारलं.

“खाल्लं नसतं,” तो लिंबाकडे बघत म्हणाला, “तर तुम्ही ट्रे परत द्यायला आला नसतात.”

मला रडू यायला लागलं. आनंदाने की भीतीने, मला कळेना. ज्याला सोडून जायचं नाही असा माणूस समोर बसला होता, आणि फ्रीजमध्ये मला पाठवून देणारी टार्टं मांडून ठेवली होती. बाई यायला फार वेळ नव्हता. माझी जीभ झोपलेली, आईचं नाक बंद, बाबा कामावर. पुन्हा कर्ड करीन, पण चव बघणार कोण? हा? याला तर चव कळायच्या आधी कळ येते.

आणि मग मला तो अर्धा डोळा आठवला. ज्या दिवशी डोळा अर्धाच मिटला आणि मी खट्टू झाले, त्याच दिवशी आईने टार्ट डब्यामागे लपवलं होतं. मी डोळे पुसले आणि ओट्यासमोरचं स्टूल त्याच्यापुढे ओढलं.

“बसा. उठायचं नाही. छान म्हणायचं नाही. तोंडाने काहीच बोलायचं नाही, चाखलं की नुसतं माझ्याकडे बघायचं.”

“ते जमेल,” तो म्हणाला, आणि बसला.

साल किसली, साखरेत चोळली, अंडी फेटली. या वेळी रस मोजून मापून, थोडा थोडा. कर्ड गरम असताना त्याची खरी चव लागत नाही, म्हणून गार केलेल्या थाळीवर थेंब टाकायचा, तो निवला की बोटाने चाखायचा. मी थेंब टाकला. त्याने चाखलं, माझ्याकडे बघितलं. डोळा मिटलाच नाही. फिकं. रस वाढवला. पापणी जराशी थरथरली. आणखी चमचाभर. डोळा पूर्ण मिटला, आणि त्याने ओटा धरला. मी लोण्याचा तुकडा टाकला, ढवळत राहिले. ढवळताना माझी नजर भांड्यावर असायला हवी होती, पण सारखी त्याच्याकडे जात होती. भांड्यातलं कर्ड तेवढ्यात खाली लागायला आलं होतं.

भिंतीपलीकडून मावशींची हाक आली. पेशंट ताटकळलेत, डॉक्टर आहेत कुठे?

“त्यांना सांगा,” तो गाल धरून ओरडला, “डॉक्टरांचा दात दुखतोय.”

पुढचा थेंब त्याने चाखला. माझ्याकडे बघितलं. डावा डोळा हळूच खाली आला... आणि अर्ध्यावर थांबला. मी श्वास रोखून बघत होते.

“बोलू का?” त्याने विचारलं.

“बोला.”

“लिंबू कळतंय. आणि तुम्हीही दिसताय.”

मी गॅस बंद केला. जास्तीच्या वाट्या भरल्या, गार करायला ठेवल्या. आंबट टार्टं आईने डोळ्याआड केली. आणि दारात गाडी थांबल्याचा आवाज आला.

*

कॅफेच्या बाई उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ओव्हन बघितला, ओट्यावरून बोट फिरवून बघितलं, मग खुर्चीत बसून टार्ट हातात घेतलं. वाटी तोडली तेव्हा तिचा बारीक आवाज झाला. त्या डोळे मिटून खात होत्या. आता मिटलेल्या डोळ्यांचं मला भयच बसलं होतं. आई दाराला टेकून उभी. डॉक्टर कोपऱ्यात गाल धरून. मला माझ्या तोंडाचा एकच भाग जाणवत होता, आणि तोही कोरडा पडला होता.

त्यांनी ते संपवलं. बोटं पुसली. बशीतलं दुसरं उचललं.

“रोज असंच लागेल?” त्यांनी विचारलं.

मी कोपऱ्यात बघितलं. त्याने गालावरचा हात काढला.

“लागेल,” मी म्हणाले. त्या एका शब्दात जीभ लटपटली नाही.

“मग सोमवारपासून पाठवा.” त्या उठल्या. दारापाशी थांबून त्यांनी डॉक्टरकडे एक नजर टाकली. हे कोण, असं आईला विचारलं. “शेजारी आहेत,” आई म्हणाली, “चवीला बसवलेत.” बाईंनी मान डोलावली, जणू प्रत्येक स्वयंपाकघरात असा एक माणूस असतोच, आणि त्या गेल्या.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच ओट्याखाली जमिनीवर बसले. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि शिंकत होती. डॉक्टर काहीतरी पुटपुटून पेशंटांकडे पळाला. बाबांना फोन केला. ते म्हणाले, आत्याला मीच कळवतो, खोली झाडून ठेवली होती बिचारीने. “पण खरं सांगू का, मला काही तुला पोचवायला जायचं नव्हतं.”

*

उन्हं उतरल्यावर मी स्टूल घेऊन भिंतीशी गेले. तो झाडाखाली होता. ओठाला मुंग्या येत होत्या, जीभ हळूहळू माझी व्हायला लागली होती. मी बशी भिंतीवर ठेवली. त्यात शेवटचं टार्ट होतं, आणि लिंबू न घातलेला लोण्याचा केक.

“चाखलंत का?” त्याने विचारलं.

मी नाही म्हणाले. दिवसभर ते टार्ट सगळ्यांनी खाल्लं, मी सोडून. कसं झालंय, मला अजून माहीत नव्हतं.

त्याने चमच्याने तुकडा तोडला आणि भिंतीवरून पुढे धरला.

“आ करा.”

मी केला. आधी लोणी लागलं, मग गोड, आणि मग मागून सावकाश लिंबू आलं, जिभेच्या दोन्ही बाजूंनी. मला भरून आलं. पकडून ठेवलेलं सगळं सुटलं. मी राहणार होते. याच गल्लीत, याच भिंतीशी.

“छान,” मी म्हणाले, आणि दोघंही हसलो.

मग त्याने भिंतीवरचं एक वाळलेलं पान उचललं, बाजूला ठेवलं.

“रविवारी जाणार होतात. मला सांगणार नव्हतात?”

“भीती वाटली. तुम्ही छान म्हणाला असतात.”

“नसतो म्हणालो.” त्याने मान वर केली. “सगळी गल्ली तुम्हाला ताई म्हणते. मला नाही जमलं ते. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यासमोर आ केलात ना... त्यानंतर नाही जमलं. तुम्ही मला आवडता. टार्ट आवडतं की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलंच नाही.”

माझी जीभ आता पूर्ण जागी झाली होती. “मलाही,” मी म्हणाले. “मलासुद्धा तुम्ही. पहिल्या दिवसापासून.” आणि बोलून गेल्यावर इतकं हलकं वाटलं की स्टूल डगमगलं. त्याने पटकन हात पुढे केला. मी धरला. या वेळी बोटात काटा नव्हता, म्हणून कुणालाच तो सोडायची घाई नव्हती.

“एकच वाईट वाटतं,” मी म्हणाले.

“काय?”

“तो डोळा. मी इतके दिवस समजत होते की...” पुढचं सांगवेना. “जाऊ दे. दात करून घ्या आधी. नाहीतर रोज तुम्हाला चाखायला लावायला मलाच कसंतरी होईल.”

“घेईन.” त्याने बशीतला केक उचलला, तोच, लोण्याचा. घास घेतला, माझ्याकडे बघितलं. आणि त्याचा डावा डोळा हळूच, सावकाश, मिटला.

“दुखलं का?” मी घाबरून विचारलं.

“नाही,” तो म्हणाला.